तंबू पळत नाही

"आवाज ऐकू आला म्हणजे फोटो गेला," असं बा अल्लाल कायम म्हणत.

शावियाच्या माळावर सीदी अम्मारच्या जत्रेत घोडेस्वारांची पथकं उतरायची, आणि एकतीस वर्षं त्यांचे फोटो बा अल्लालच काढत आले. पंधरा घोडे एका ओळीत उधळत येत, स्वार रिकिबीत उभे राहत, आणि पंधरा बंदुका एकदम आभाळात फुटत. बार फुटला की अंग दचकतं, हात हलतो, आणि हात हलला की फोटोतलं सगळंच ओढल्यासारखं पुसट येतं. म्हणून बा अल्लाल कोपर बरगड्यांना घट्ट लावत, अर्धा श्वास सोडत, आणि बंदुका वर गेल्या रे गेल्या की बार फुटायच्या आत बटण दाबत. तिवईला ते हात लावत नसत. टापांनी जमीन हादरते, ते हादरे तिवईतून थेट कॅमेऱ्यात चढतात. माणसाचे गुडघे ते गिळून टाकतात.

यंदा थामी ज्याचा मुकद्दम, म्हणजे म्होरक्या, ते पथक दौडलं, तेव्हा बार बा अल्लालनी ऐकला. बोट मागाहून दाबलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थामीने चहा ओतता ओतता फोटो पाहिला आणि मांडीवर थाप मारली.

"वा, बा अल्लाल! घोडे आहेत की वारा! त्या बूशाइबच्या पथकाला दाखवतोच. गोगलगायी हाकतात लेकाचे. पुढच्या वर्षीही असाच काढा!"

गप्प बसले असते तर पुढचं वर्ष पक्कं होतं.

"थामी, घोड्यांच्या मागे काय आहे?"

"माझा तंबू. दुसरं काय?"

"तोही पळाला की."

थामीने फोटो डोळ्यांजवळ नेला. तंबूचा एकेक खांब दोन-दोन दिसत होता.

"घोड्यांच्या वेगाने घोडेच पुसट झाले असते. तंबू जागचा हलत नाही, बाबा. हललो मी."

"जाऊ द्या हो. एवढं बघतंय कोण?"

"मी बघतोय ना."

"मग आज पुन्हा काढा. दौड आहेच."

"काल तीन काढले. तिन्हींत तंबू पळालाय. सतात गावच्या इद्रिसला बोलाव, तोही फोटो काढतो."

"तो? त्याला घोड्याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे, ते तरी कळतं का?"

"शिकेल."

बा अल्लालनी उरलेला चहा संपवला, अंगातल्या जेलाबा झग्याची टोपी डोक्यावर ओढली आणि कॅमेरा काखेत मारून ते माळावरून सडकेकडे निघाले. मैदानात पहिली ओळ धरली जात होती. थामी तिकडे गेला नाही. तंबूच्या दाराशी उभा राहून तो म्हाताऱ्याकडे बघत राहिला. खोगीर कसायला आलेले दोन स्वारही बघत राहिले.