डोहात बा होता

गाडीत पेंढा पसरला होता. पेंढ्यावर माझा धाकटा भाऊ दामू पडला होता आणि त्याच्या उजव्या हाताला मनगटाच्या पुढे काही नव्हतंच. मी लुगडं फाडून आवळून बांधलं होतं, तरी रक्त पेंढ्यातून खाली फुफाट्यात गळत होतं. गाडी गावातून चालली तेव्हा घराघरांतून मासे तळल्याचा वास येत होता. आमच्याच डोहातले मासे! ज्यांनी मघाशी दामूला लाथा घातल्या, त्यांच्याच तव्यावर ते चरचरत होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की खाली उतरावं आणि एकेकीची चूल पायानं उधळून द्यावी. पण दामूचं डोकं माझ्या मांडीवर होतं, उतरणार कशी?

बा नदीच्या दगडावर पाठमोरा बसला होता. अंगावरचं पाणीसुद्धा त्यानं पुसलं नव्हतं. मी गाडी थांबवून हाक मारली, तर मान न वळवता म्हणाला, "ने त्याला. पन नदीकडं परत वलून बगू नको."

नाही बघत जा, म्हटलं मी. आणि गाडीवानाला बैल हाकायला सांगितलं.

तुम्ही जे नदीकाठी राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे खाली कॅम्पात, अंबरनाथच्या चाळींत आलात, त्या सगळ्यांना हे सांगतेय. कारण दोघंही ही गोष्ट चुकीची सांगता. गाववाले म्हणतात, देवीनं दामूचा हात घेतला. इकडचे म्हणतात, दामू प्यायलेला होता, सुरुंगाची वात आखूड कापली. दोन्ही साफ खोटं. मी तिथं होते, धुणं धुवत होते, या माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आमचं गाव बदलापूरच्या वरच्या अंगाला, उल्हास नदी जिथं वळते तिथं. वळणावर देवीचा डोह. उन्हाळ्यात नदी आटून नुसती खडी उरायची, तेव्हा सगळे मासे त्या डोहात गोळा व्हायचे. मळ्या, शिंगटी, वाम आणि सोनेरी खवल्यांचे ते दांडगे खडस, पोराएवढे. म्हणून डोहात जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, हा गावाचा नेम. पाऊस लागला, मासे नदीभर पांगले, की मग ज्याला जिथं पाहिजे तिथं त्यानं धरावेत. डोहाची राखण आमच्या घराकडे. राखणदारानं रोज सकाळी त्या दगडावरून उजव्या हातानं मूठभर तांदूळ टाकायचे. खडस वर यायचे, तोंडं उघडायचे, बा त्यांच्याशी बोलायचा. आमच्याशी कधी एवढं गोड बोलला नाही. आई दामूच्या लहानपणीच गेली, त्याला मी कडेवर वाढवला. बानं वाढवले ते मासे!

स्वातंत्र्य आलं त्याच्या आसपास खालच्या कारखान्यातला एक साहेब मोटारीतून यायला लागला. आपलाच, काळा साहेब. त्याच्याकडे लांबसडक काठी, बारीक दोरा आणि आकड्याला रंगीत पिसं बांधलेली. पाण्यावर माशी बसलीय असं माशाला वाटावं म्हणून. खडस लागला की साहेब तासभर त्याला इकडून तिकडे दमवायचा, मग जवळ घ्यायचा, आकडा काढायचा आणि सोडून द्यायचा. बानं त्याला हटकलं. साहेब हसत म्हणाला, "अरे, मी मारत नाही. खेळवतो आणि सोडतो. तुमच्या देवीला काय त्रास?"

बाचा भडका उडाला. "भूक लागली म्हनून मारलास तर समजीन. तोंडान आकडा घालून नाचवतस आनि वर उपकार सांगतस?" असं म्हणून त्यानं ती काठी गुडघ्यावर घेऊन मोडली. काडकन. साहेबाच्या तोंडाचं पाणीच पळालं.

मग जे व्हायचं तेच झालं. शिपाई आले, बाला चौकीत नेलं आणि पायांच्या तळव्यांवर मारलं. परत आला तेव्हा त्याला उभं राहता येईना. ज्या गावाच्या डोहासाठी मार खाल्ला, त्या गावातलं एक माणूस दारात विचारायला आलं नाही. साहेबाशी वैर कोण घेणार? मी तळव्यांना हळद लावत होते आणि दामू उंबऱ्यात बसून दात खात होता. "तुजी देवी काय करत होती रं बा? तुजं खडस काय करत होतं?" बानं हाताशी होता तो तांब्या त्याच्या कपाळावर भिरकावला. कपाळ फुटलं. दामूनं रक्त पुसलं आणि त्याच दिवशी घर सोडलं.

अंबरनाथकडे दगडाच्या खाणीत तो सुरुंग लावायच्या कामाला लागला. त्या दिवसांत कॅम्प नुसता फुगत होता. पलटणीच्या रिकाम्या बराकींत सिंधी लोक आले होते, सगळं टाकून आलेले, आणि त्यांना नदीची मासळी लागायची. समुद्राची नको, नदीचीच. खाणीवरचा एक ठेकेदार सुरुंगाचे टोटे चोरून द्यायचा आणि मासळी उचलायचा. डोहात एक टोटा टाकला की जाळं नको, गळ नको, सगळं आपसूक वर. दामूला पैशाचा सोस नव्हता, हे मी छातीला हात लावून सांगते. त्याला बाचे खडस मारायचे होते. ज्यांच्यापायी बानं मार खाल्ला आणि दामूचं कपाळ फोडलं, त्यांच्यावर त्याचा राग. खुळ्यांचा बाजार सगळा!

वैशाखातली दुपार होती. मी खालच्या दगडांवर धुणं बडवत होते. समोरच्या कड्यावर दामू दिसला, मला वाटलं घरी आला, समजूत पटली. मी हात वर केला. आणि डोहातून जमीन हादरावी असा दणका झाला. पाणी माडाएवढं उडालं. कान बंद झाले. पाणी खाली बसलं तेव्हा डोह पांढरा झाला होता, माशांच्या पोटांनी. काही मेले होते, काही नुसतेच गोल गोल फिरत होते, डोळे बाहेर आलेले. एक खडस माझ्या पायाशी येऊन लागला, तोंडातून रक्त.

बा घरातून धावत आला. पाय अजून नीट पडत नव्हते, तरी धावला. कड्यावर दामू दुसरा टोटा पेटवत होता. बानं ते पाहिलं आणि सरळ डोहात उडी घेतली, माशांच्या मधोमध. "टाक! टाक ना! माज्यावर टाक!"

वात पेटलेली होती. दामूनं हात मागे घेतला होता, तो तसाच थांबला. डोहात बा होता. अलीकडे मी. आणि दणका ऐकून सगळं गाव टोपल्या घेऊन उतारावरून पळत येत होतं, बायका, पोरं. फेकायचा कुठं? तो गर्रकन वळला, मागच्या खडकाकडे फेकायला. तेवढ्यात टोटा हातातच उडाला.

हे असं झालं. देवीनं हात घेतला नाही. बा वाचावा म्हणून दामूनं तो टोटा हातात ठेवला.

मी वर पोचेपर्यंत लोक पोचले होते. त्याला कड्यावरून फरफटत खाली आणलं. काठ्या, लाथा, वहाणा. "देवीचा डोह नासवलान! मारा मेल्याला!" तुटक्या हाताचं रक्त उडतंय आणि हे मारतायत. मी मध्ये पडले तर मलाही पाठीत बसल्या. मी धुण्याचा दांडका उचलला आणि दिसेल त्याला हाणला. एकाचे दात पडले, अजून तो माझ्याशी बोलत नाही, नको बोलू दे. आणि ऐका, मारता मारता माणसं वाकत होती आणि मासे टोपलीत टाकत होती! बा पाण्यातून ओरडत होता, "हात लावू नका, यो मासा खायाचा नाय, वाहू दे त्याला!" एक जण म्हणाला, "मेलंच हाय तर वाया कशाला घालवाचं?" त्यावरून आपसांत जुंपली. वाहू द्यावेत म्हणणारे आणि खावेत म्हणणारे एकमेकांची डोकी फोडत होते. शेवटी सगळ्यांनीच नेले. बाला एक टोपलीसुद्धा अडवता आली नाही.

मी बाला काठावर ओढला आणि सांगितलं, "तू डोहान होतास म्हनून त्यानं फेकला नाय." तो म्हणाला, "देवीनं हात घेतला." बस्स. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

कॅम्पातल्या दवाखान्यात दामूचा जीव वाचला. आम्हाला बराकीच्या टोकाला आडोसा दिला तो एका सिंधी म्हातारीनं. मी तिला अम्मा म्हणायची. तिचा नवरा आणि थोरला मुलगा येताना वाटेत कापले गेले होते. ती बराकीसमोर मासळी तळून विकायची आणि मी विळीवर साफ करून द्यायची. नदीकडे बघू नको म्हणाला ना बा? बरं, मी रोज नदीचीच पोटं फाडत होते. हळूहळू माझ्या तोंडात साईं, पुट असले शब्द बसले. अम्मा मला पुट म्हणायची, म्हणजे लेक. तिकडच्या मोठ्या नदीला ती दरिया म्हणायची, त्यातल्या पल्ला माशाच्या गोष्टी सांगायची. तो त्यांच्या देवाचं वाहन, आणि तरी ते खातात. मला मेलीला हे काही पटेना. "वाहन कसं खाता, अम्मा?" ती हसली. तिकडचे कोळी म्हणे मोठ्या मडक्यावर पोट टेकवून दरियात तरंगतात आणि एकेक पल्ला जाळ्यात घेऊन त्याच मडक्यात टाकतात. "दरिया में खुद उतरो, फिर लो," ती म्हणाली. "बंदा भी डूब सकता है, मछली भी बच सकती है. तब हलाल." ते मला पटलं. साहेबाला आणि ठेकेदाराला बुडायची भीतीच नव्हती.

अशी काही वर्षं गेली. एक दिवस ठेकेदाराचा माणूस माशांची टोपली टाकून गेला. मी पहिला मासा फाडला आणि हात थांबला. आत रक्ताचा गोळा, मणका मोडलेला. टोट्याचा मासा. मी विळी बाजूला सारली. दामू शेजारी बसला होता, त्यानं वाकून बघितलं आणि डाव्या हातानं ती टोपली उचलून गटारात पालथी केली.

मग काय, ठेकेदाराची माणसं आली. तळणाची कढई दामूच्या अंगावर लोटली, त्याची मांडी भाजली. एकानं अम्माचे केस धरले. तेव्हा मात्र मी विळी उचलली आणि त्याच्या दंडावर ओढली. चांगली हाडापर्यंत. बराकींतून सिंधी बायापुरुष पापड लाटायची लाटणी घेऊन धावले आणि त्या टोळक्याला स्टेशनच्या रस्त्यापर्यंत झोडपत नेलं. त्यानंतर आमच्या आळीत टोट्याची मासळी कुणी आणली नाही. दामू भाजलेल्या मांडीवर फुंकर घालत रडत होता. त्या दिवशी डोहावर रडला नव्हता, तो आता रडला.

ही बातमी गाडीवानाकडून गावात गेली असणार. कारण काही दिवसांनी त्याच गाडीवानाकडून बाचा निरोप आला. दामूला घेऊन ये.

दामूला घेऊन मी निघाले. गावाच्या वेशीपासून तो माझ्या मागे मागे चालला, लहानपणी चालायचा तसा. बा दगडावर होता. वाळून काटकी झालेला. शेजारी तांदळाची टोपली. मला कळलं, हा एवढी वर्षं रोज तांदूळ टाकतोय, रिकाम्या पाण्यात.

बानं दामूकडे बघितलं नाही. टोपली पुढे सरकवली. "टाक."

दामूनं थोटा हात धोतराच्या सोग्यात लपवला. "उजवा नाय रं बा."

"डाव्यानं टाक." बा पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उजवा तू माज्यापायी दिलास. मी पान्यान होतो, मना सगला दिसत होता."

अरे माणसा! एवढी वर्षं तुला माहीत होतं! मी तिथंच ओरडले, शिव्या दिल्या, जन्मदात्याला देऊ नयेत त्या सगळ्या दिल्या. दामू डाव्या हातानं तांदूळ टाकत होता, निम्मे दगडावरच सांडले. मोठा खडस काही आला नाही. बोटाएवढी बारकी पिल्लं तेवढी आली. मीही पुढे झाले, टोपलीत हात घातला आणि पसाभर तांदूळ भिरकावले. आमच्यात बाईनं टाकायचे नसतात. बा एवढंच म्हणाला, "येवढं नको बाय, पानी कुजतं." आणि दगडावर सरकून मला बसायला जागा केली.

दामू तिथंच राहिला, राखणीला. मी परत आले. अम्माचे हात म्हातारे झाले होते आणि विळी माझी वाट बघत होती. कॅम्पात कुणी विचारलं की बाई, तुमचं घर कुठलं, तर मी आधी बराकीकडे बोट दाखवते. तिथं माझ्यासाठी लोकांनी लाटणी उचलली. गावानं माझ्या पाठीत काठ्या घातल्या, ते मी विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका. पण त्या दगडावर एका माणसाची जागा माझी आहे, तीही मी सोडणार नाही. आता अंबरनाथच्या कारखान्यांचं पाणी वालधुनी नदीत उतरतं आणि टोट्याविना मासे उताणे होतात. त्या कारखानेवाल्यांच्या हातावर कोण मारणार, ते मला कुणीतरी सांगा.

दामूला तिथं ठेवून निघाले त्या दिवशी, गाडी हलली तेव्हा मी वळून बघितलं. दोघं बापलेक दगडावर बसले होते. बानं ते पाहिलं आणि खेकसला, "वलून काय बगतस? परत येवाचं हाय ना तुना?"

मी हो म्हटलं, आणि गाडी वळेपर्यंत बघत राहिले.