सकाळची गोळी

मूत्रपिंडाचा आजार चौथ्यांदा उलटला तेव्हा मी बेचाळिशीत होतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी लघवीतून जाणारं प्रथिन थांबायचं, गोळ्या कमी केल्या की पुन्हा सुरू. तोंड सुजून गोल झालं होतं. तालमीपाशी कुणी भेटलं की 'तब्येत केलीस की' म्हणत पाठ थोपटायचं. आमच्या कोल्हापुरात अंगावर आलेली सूजही ताकदीतच धरतात. मी हसायचो आणि घरी येऊन घोट्यावर बोट दाबून खड्डा किती पडतो ते बघायचो.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. डॉक्टरांनी अँटीबॉडीचं औषध सुचवलं. मूळचं कॅन्सरचं, पण आता या आजारालाही देतात, लागू पडलं तर स्टेरॉइड सुटतील, म्हणाले. खात्री मात्र देईनात. कॅन्सर म्हटल्यावर मी दोनदा विचारून घेतलं, मला तो नाही ना. त्यात खोकल्यामुळं औषधाची तारीख दोनदा पुढं गेली आणि पाय जड होत चालले.

त्या दिवशी दवाखान्यात सलाइनमधून औषध लावण्याआधी सिस्टरनी विचारलं, सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली नाही ना? या औषधानं रक्तदाब उतरतो, म्हणून ती घ्यायची नाही हे आदल्या दिवशीच बजावलं होतं. पण बायको रोज गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची, मी गिळेपर्यंत हलायची नाही. सवयीनं आजही गिळली होती. खरं सांगितलं तर तिसऱ्यांदा परत पाठवतील, या भीतीनं मी मान हलवून नाही म्हटलं.

अर्ध्या तासात हुडहुडी भरली. डोळ्यांपुढं अंधारी आली. रक्तदाब घसरला होता. सिस्टरनी औषध थांबवलं, पाय उंच केले, डॉक्टरांना हाक मारली. आता संपलं, असंच मला वाटलं.

तेवढ्यात सकाळपासून खाटेशेजारी उभी असलेली बायको रडत म्हणाली, "गोळी मीच दिलती, बाई. तुम्ही इचारलं तवा माझं बी तोंड उघडलं न्हाय. परत घरी धाडलं असतं तर?"

मी सावरल्यावर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "दुपारपतोर थांबवून औषध लावलं असतं की, पावणं."

एवढंच होतं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघेना. संध्याकाळी औषध पुन्हा अगदी हळू सुरू करताना सिस्टरनी विचारलं, काही होतंय का? मला फार भीती वाटतेय, असं मी सांगून टाकलं.