इस्त्रीवालीची जीभ

इस्त्रीवाल्या मावशीच्या जिभेला हाड नाही, असं अख्खी वस्ती म्हणायची. दुकानदार असो की पोलीस, तिने कुणाची भीड ठेवली नव्हती. म्हणून वस्तीचा कायापालट झाल्यावर उद्घाटनाला बोलायला सगळ्यांनी तिलाच पुढे केलं.

कायापालट म्हणजे भिंतींना रंग, बसायला बाकं आणि वस्तीच्या मधोमध रुंद, गुळगुळीत रस्ता. बंगलेवाल्यांना तो जवळचा पडायचा. त्यांच्या गल्लीत जागोजागी गतिरोधक होते. इथे मात्र गाड्या सुसाट. त्यात घरं अलीकडे आणि पाण्याचा नळ पलीकडे.

"दुसरं काही नको, गतिरोधक तेवढा माग," मावशीची जाऊ म्हणाली.

"मागते की. मी काय कुणाला घाबरते?"

मंचावर तिला पालिकेच्या साहेबांशेजारची खुर्ची मिळाली, हातात फुलं आली. "बोला ताई, आणखी काय हवं आपल्याला?" साहेबांनी विचारलं. तिला आजवर कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं. मावशी पाघळली.

"सगळं छान झालं, साहेब," ती म्हणाली आणि टाळ्या ऐकत राहिली.

"आणि गतिरोधक?" घरी जावेने विचारलं.

"चांगल्या दिवशी कशाला रडगाणं? सांगू पुढच्या वेळी."

त्याआधीच एका सकाळी बादली घेऊन रस्ता ओलांडताना जावेला मोटारीने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. इस्पितळात मावशी खाली मान घालून तिच्या उशाशी बसली. जावेने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू मागितलं असतंस तरी त्यांनी कुठं दिलं असतं?" मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांची कचेरी गाठली.

"तुम्हीच तर म्हणालात, सगळं छान झालं," साहेब म्हणाले.

"खोटं बोलले. तुम्ही खुर्ची दिलीत आणि मी हुरळले. लोकांनी सांगितलेलं गिळून बसले. माझी जाऊ मोडून पडलीय तिकडं. गतिरोधक हवाय आम्हाला."

कचेरीतले सगळे माना वळवून बघत होते. मावशीचे कान तापले, पण ती हलली नाही.

"बघू," साहेब म्हणाले.

मग ती रोज त्यांच्या दारात जाऊन बसू लागली. कपडे खोळंबले, गिऱ्हाइकं तुटली. शेवटी एकदाचा गतिरोधक झाला.

"मावशीनेच आणला हो," शेजारी म्हणू लागले, की ती तडक घरात शिरायची.

जाऊ काठी टेकत पहिल्यांदा नळाकडे निघाली, तेव्हा मावशी दोघींच्या बादल्या घेऊन तिच्या मागोमाग गेली. गाड्या हळू झाल्या.

"अगं, शेजारी चाल ना, बोलत जाऊ," जाऊ म्हणाली.

"चाल तू, आलेच," मावशी म्हणाली, आणि मागेच राहिली.