बाबांचे मुके गेम

जुने हातातले व्हिडिओ गेम जमवणारे लोक आधी पडदा बघतात, बटणं दाबतात, मूळ डबा शाबूत आहे का विचारतात. मी आधी गेम कानाला लावते. माझं कपाट अशा गेमनी भरलंय. घरचे त्याला भंगार म्हणतात, म्हणोत बापडे.

सुरुवात राखाडी पडद्यावर विटा रचायच्या गेमने झाली. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि लाल दिव्याच्या गाड्या बघायला आम्ही पोरं चौकात उभी राहायचो. बाबा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात होते. त्यांनी गोल बाजारातून माझ्यासाठी तो गेम आणला. डब्यावर हजारो गेम लिहिलेले, निघाले मोजकेच, तेच कमी-जास्त वेगाने. ड्युटीवरून आले की माझ्याआधी बाबाच तो घेऊन बसायचे.

एकदा म्हणाले, "काहून गं पोट्टे, हा मुका आहे का? वाजूनच नाही राहिला."

मला वाटलं, थट्टा करतात. पण ते खरंच मला घेऊन गोल बाजारात गेले. दुकानदाराने बटण दाबलं, गेम टुंई टुंई वाजला. "बज तो रहा है, भैया." बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"हव, आता वाजून राहिला," बाबा म्हणाले. तरी हट्टाने बदलून घेतलाच. तोही घरी येऊन मुका ठरला. मग आईला विषयच मिळाला, "तुमच्या हाताले मुकेच लागतात!" आम्ही पोट धरून हसायचो, बाबाही हसायचे. इतकं हसणारं घर, पण त्यांच्या कानांचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही.

पुढे कित्येक वर्षांनी, आमचा टीव्ही शेजाऱ्यांना ऐकू जायला लागला तेव्हा कुठे बाबांना समता कॉलनीतल्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मशिनींच्या धडधडीत कान हळूहळू जातात आणि बारीक, टोकदार आवाज सगळ्यांत आधी जातो. मला तिथे खुर्चीतच तो विटांचा गेम आठवला. तेव्हाच दाखवलं असतं तर उरलेलं तरी वाचलं असतं, ही हळहळ काही केल्या जात नाही. कानाचं यंत्र घेतलं, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे. त्यात कारखानाच ऐकू येतो म्हणतात.

तेव्हापासून मी गेम जमवते. एखादा तरी जाड आवाजाचा निघेल आणि बाबांना ऐकू जाईल, एवढाच हेतू. जपानी झाले, चिनी झाले, मागे कॅसेट खोचायचे झाले. नवा आला की रविवारी चहाबरोबर त्याची परीक्षा. बाबा तो कानाशी धरतात, जरा थांबतात आणि निकाल देतात, "मागच्यापेक्षा हा जाड वाजते." मी लगेच पुढचा शोधायला लागते.

गेल्या रविवारी एक मोठ्या स्पीकरचा आला. मी तो सुरू करून दिला. बाबांनी कानाशी धरला, डोळे मिटले.

"हव, हा सगळ्यांत मस्त वाजून राहिला."

मी हरखून गेम परत घेतला. पडद्यावर खेळ चालू होता, पण आवाजाचं चाक पार खाली होतं. वर करायचं मीच विसरले होते.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, गोल बाजारात पाहिलं होतं तसेच.

मी मान डोलावली.