लेकरं मोजायची नाहीत

कोकणातून चिखलीच्या कापसाच्या जिनात कामाला आलो, तेव्हा माझी पोर शेजारची पिंजारीण सांभाळायची; पोर तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. मी दुसरीतच शाळा सोडलेला. पोरीला अंक तिनंच शिकवले. मुठीत चिंचोके लपवून विचारायची, "सांग वं, किती पळाले?" चुकलं तरी गुळाचा खडा द्यायची. पण लेकरं मोजायची नाहीत, नजर लागते, हा तिचा दंडक.

तापाची साथ आली. जिनाच्या चाळीत लेकरं किती, नागपूरहून आलेल्या डॉक्टरनं तिला विचारलं. न मोजून भागेना. तिनं एकेकाच्या डोक्याला हात लावला; माझ्या मांडीवरची, तापानं फणफणलेली पोर तेवढी वगळली.

"खाला, मले नाही मोजलं!"

"तुले नाही मोजत, माय." तिनं तोंड फिरवलं.

नजर लागू नये म्हणून, की आशा सोडली म्हणून? विचारायची माझी छाती झाली नाही.