नाशिकचा मुक्काम वाढवताना

कसारा घाट मागे पडला आणि टॅक्सीवाल्याने विचारलं, "मॅडम, नाशिकला पहिल्यांदाच?" माझ्या बॅगेला विमानतळावरची पट्टी लटकत होती, त्यामुळे त्याची काही चूक नव्हती. "जन्मच इथला," मी म्हटलं. पुढे हायवेवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसला आणि मला रडू आवरेना. त्याने गाण्याचा आवाज कमी केला.

ऑकलंडमधल्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांसारखा माझाही पासपोर्ट आता न्यूझीलंडचा. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हृदय थकलंय, आता काही खरं नाही, असं धाकट्या भावाने, संजूने, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या ओसीआय कार्डाचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात येण्या-राहण्याची मिळणारी कायमची मुभा) अर्ज अजून लटकलेला होता. घाईत मिळाला तो महिन्याचा टूरिस्ट व्हिसा. बापाच्या उशाशी मी पर्यटक म्हणून बसणार होते!

आमचं घर सिडकोत. अण्णा अंबडच्या कारखान्यात फिटर होते. ज्या हातांनी आयुष्यभर नटबोल्ट आवळले, त्यांना आता चमचा धरवत नव्हता. संजूने हौसेने मिसळ आणली, नाशिकच्या रीतीने वर पापड ठेवून. अण्णांना तिखट बंद. "तू खा, मी बघतो," ते म्हणाले. मी त्यांच्यासमोर बसून खाल्ली.

डॉक्टर म्हणत, आज काही होईल किंवा दोन महिन्यांनी, सांगता येत नाही. व्हिसाची मुदत संपत आली. एका दुपारी अण्णांचे पाय चेपताना माझ्या लक्षात आलं, मी मनात काय घोकते आहे. जे व्हायचं ते मी असताना होऊन जाऊ दे! मला माझीच किळस आली आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले.

मग मुक्काम वाढवून घ्यायला निघाले. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस कार्यालयातले साहेब सज्जन होते. "ताई, हा व्हिसा वाढत नाही. पेशंट अगदीच गंभीर असेल तर खास बाब म्हणून वर पाठवतो. आमचा माणूस घरी येऊन बघून जाईल." माझ्या जिवात जीव आला.

अण्णांना मात्र कुणीच काही सांगितलं नाही. तपासणी कशाची हे सांगायचं, तर तुम्ही आता जाणार आहात हेही सांगावं लागलं असतं. ते ना माझ्या तोंडून निघालं, ना संजूच्या.

पोलीस येणार एवढंच अण्णांच्या कानावर गेलं. त्यांनी संजूकडून दाढी करून घेतली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि खुर्चीत ताठ बसले. हवालदार आले. "काका, तब्येत कशी आहे?"

"एकदम ठणठणीत! बसा ना साहेब. रेखा, चहा टाक."

मी कळवळून म्हटलं, "नाही हो, फार आजारी आहेत." अण्णांनी डोळे वटारले. त्यांच्या सेवेला येवल्याहून आलेली आत्या भरीस भर म्हणून बोलली, "काय बी नाय झालं दादाला. लय फरक हाय आता!" कुणी विचारलं की असंच सांगायचं, एवढंच तिला ठाऊक.

मी हवालदारांना गाठायला जिन्यापर्यंत गेले. ते ओशाळले. "ताई, मला जे दिसलं तेच लिहावं लागंल."

इकडे अण्णांना पलंगावर निजवलं तेव्हा त्यांचा श्वास लागला होता. "असं का सांगितलंत, अण्णा?" मी जवळजवळ ओरडलेच.

"घरी आलेल्या माणसापुढं रडगाणं गायचं का?"

अर्ज नामंजूर झाला. संजू चिडला. "राहा तशीच, ताई. कोण बघायला येतंय?" पण मुदतीबाहेर राहिले असते तर पुढचा व्हिसा आणि ओसीआय, दोन्हींवर पाणी सोडावं लागलं असतं. परत येता यावं म्हणून निघाले. निघताना अण्णांना सगळं खरं सांगितलं, फक्त ते यातून उठणार नाहीत एवढं सोडून. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "नीट जा."

मुंबईच्या विमानतळावर पासपोर्टवर शिक्का पडला. मी अगदी कायदेशीर वागले होते, आणि त्याचा मला इतका राग आला की बॅग तिथेच फेकून द्यावीशी वाटली.

ऑकलंडला उतरले. यंत्रावर पासपोर्ट ठेवला आणि काचेची फाटकं आपोआप सरकली. किती दिवस राहणार, कशासाठी आलात, कुणी विचारलं नाही. इथे मला हवं तितकं राहता येतं, पण त्याचं आता काय करू?

नवा व्हिसा मागितलाय. उत्तराची वाट पाहतेय.

काल संजूचा फोन आला. अण्णांना आता आठवण राहत नाही. संध्याकाळ झाली की विचारतात, रेखा कुठाय? आत्या सांगते, बाजारात गेली. मग ते म्हणतात, "येईल आता. दाराला कडी लावू नका."