बिनरंगाची सायकल

तुमची सायकल दादांच्या दारात उभी राहिली, की तुमच्याशी बोलायच्या आधी ते तिला उलटी करायचे. पाहुणा असो, पोस्टमन असो, नाहीतर कारखान्याचा शेती अधिकारी असो. सायकलीचं डोकं खाली, चाकं वर, आणि हे उकिडवे बसून नळ्यांच्या सांध्यांवरून अंगठ्याचं नख फिरवताहेत. मग मान वर करून म्हणायचे, "बरी हाय. पण आतनं बघितलीया का?" आता सायकल आतून कशी बघतात, हे त्या पोस्टमनला कुठून ठाऊक असणार? तो बिचारा पत्र त्यांच्या हातात कोंबायचा, सायकल सुलटी करायचा आणि निघून जायचा.

ते आमच्या साखर कारखान्यात गॅस वेल्डर होते आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही म्हणायचो. कारखाना इस्लामपूर आणि शिराळ्याच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात. मी मात्र आटपाडीकडचा, जिथे ऊस फक्त बाजाराच्या दिवशी दिसतो तिथला. आमच्या घरात आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागे चाललेले. मी चालायच्या ऐवजी सायकल मारायला लागलो, एवढाच काय तो फरक. नव्वदच्या पुढची ती वर्षं. शर्यतीच्या सायकलीचं वेड तेव्हा आमच्या भागात अनेकांना होतं आणि मला ते जरा जास्तच होतं. विभागाच्या संघात पहिले तीन जण घ्यायचे. मी लागोपाठ दोन वर्षं चौथा आलो होतो. चौथ्या नंबरासारखी वाईट गोष्ट नाही. पाचव्याला निदान रात्री झोप तरी लागते.

दुसऱ्यांदा चौथा आलो त्या आठवड्यात मी त्यांच्या दारात गेलो. त्यांनी रीतीप्रमाणे माझी सायकल उलटी केली, सुलटी केली, मला तिच्यावर बसवून कॉलनीतून दोन फेऱ्या मारायला लावल्या.

"केमिस्ट, तू सायकल चालवत न्हाईस. तिला लोंबकाळतुयास," ते म्हणाले. "पाय लांब हायेत तुझं, पिढ्यानपिढ्या मेंढरामागं चालून. धड मातुर आखूड. बाजारातली फ्रेम दुसऱ्याच कुणाच्या मापाची हाय रं."

मग मला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि सुतळीनं माझी मापं घेतली. पाय, मांडी, धड, हात, खांदे. माझ्या लग्नाच्या सुटाचीही पुढे इतकी मापं कुणी घेतली नाहीत. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी तोवर आठ-नऊ जणांच्या फ्रेमी केल्या होत्या. पहिली स्वतःची. तिच्यावरून ते रोज कारखान्यात यायचे.

पातळ पोलादी नळ्या पुण्याच्या एका दुकानदाराकडून सहा महिन्यांनी आल्या. तोवर आम्ही बाकीचं सामान जमवत होतो, म्हणजे भांडत होतो. मला पेडलचा चकचकीत दांडा, क्रँक, हवा होता, त्यांना ब्रेक हवे होते. "आदी थांबायचं बघ, मग पळायचं," म्हणून त्यांनी सगळ्यात चांगली वस्तू घेतली ती ब्रेक. चाकांच्या मधले हब मिरजेच्या जुन्या बाजारात सापडले, कुणा परदेशी सायकलीचे. दादांनी ते दुकानातच खोलून, आतल्या पोलादी गोळ्या तळहातावर घेऊन, उन्हात धरून बघितल्या. दुकानदार म्हणाला, "मोती न्हाईत ओ ते." सगळ्यात मोठं भांडण मागच्या चक्राच्या दातांवरून झालं. घाट चढायला मोठं चक्र लागतं, सव्वीस दात. पण आमच्यात मोठं चक्र लावणं म्हणजे पाय कच्चे असल्याची कबुली. मी एकवीसच्या पुढे जाईना.

"सव्वीस घे," ते म्हणाले.

"पोरं हसतील, दादा."

"हसू देत. घाटाला तुझ्या मिशा दिसत न्हाईत."

मी सव्वीस घेतलं.

आता त्यांची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. बॉयलरच्या नळ्या जोडताना वेल्डरला त्याच हातानं, त्याच बैठकीत एक जादा तुकडाही जोडावा लागतो. तो नमुना. इन्स्पेक्टर साहेब आले की तो उभा कापून बघतात. नमुना नापास, तर काम नापास. दादांनी ही बॉयलरची रीत सायकलीला लावली होती. शर्यतीच्या फ्रेममध्ये नळ्या जिथे मिळतात तिथे पोलादी टोप्या असतात आणि नळी व टोपीच्या मधे वितळलेलं पितळ पाझरून बसतं. ते सगळीकडे पोचलं की नाही, हे बाहेरून कळत नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमबरोबर ते एक जादा सांधा जोडायचे आणि नंतर करवतीनं उभा कापून, ज्याची फ्रेम त्याला दाखवायचे. "बघ. मग ने," असं म्हणायचे.

"बॉयलर ठीक आहे, पण सायकलीला कशाला हे सोपस्कार?" मी एकदा विचारलं होतं.

"बॉयलर फुटला तर धा जण जात्यात. सायकल मोडली तर एक जातो. म्हणून त्याला नमुना नगं व्हय?" मग म्हणाले, "आन दुसऱ्या कुणाची फ्रेम मोडली तर लोक म्हणतील फ्रेम मोडली. माझी मोडली तर कुणी केलती, ते म्हणतील. आमची वस्ती कुठली, तितपर्यंत जातील."

यात तक्रार नव्हती. पारा किती चढला हे सांगावं, तसं सांगितलं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की हा माणूस प्रत्येक सांध्यात काय पणाला लावत होता.

माझी फ्रेम जोडून झाली आणि नेमकं बॉयलरचं काम निघालं. दादा सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. नमुना कापायचा राहिला. निवडीची शर्यत आठवड्यावर आलेली. मला दम निघेना. दादांच्या बायकोला, वहिनींना, सांगून मी शेडमधून फ्रेम उचलली, इस्लामपूरला नेऊन मोरपंखी रंग मारून घेतला, सामान चढवलं आणि मंगळवारी संध्याकाळी नवरदेवासारखा त्यांच्या दारात उभा राहिलो.

ते बघतच राहिले. सायकल दिसत होतीच तशी. मग म्हणाले, "नमुना ऱ्हायलाय."

"आता कशाला दादा? रंग झाला."

ते शेडमध्ये गेले, जादा सांधा वाइसच्या शिकंज्यात धरला आणि कापला. दोन अर्धुकं माझ्यासमोर धरली. पितळेच्या पिवळ्या रेघेत, करंगळीचं नख मावेल एवढी जागा काळी होती. तिथे पितळ पोचलंच नव्हतं.

मी वकिली सुरू केली. हा नमुना आहे, फ्रेम नाही. हा सगळ्यात शेवटी जोडला, तेव्हा गॅस संपत आला असेल. फ्रेमचे सांधे चांगलेच असणार. ते सगळ्याला "असंल" म्हणत होते आणि माझ्या सायकलीचं एकेक सामान उतरवत होते. चाकं उतरली, हँडल उतरलं. त्यांनी मोकळी फ्रेम वाइसमध्ये धरली तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"दादा, रविवारी शर्यत हाय. मी तिसऱ्यांदा चौथा येणार न्हाई."

"हात सोड."

"आवं पण चांगली असंल तर?"

"तर चांगली हाय म्हणून कळंल."

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि हँडलखालचा मुख्य सांधा कापला. मोरपंखी भुसा खाली पडत होता. मी दारात पाठ करून उभा होतो. करवत थांबली तेव्हा वळलो. सांध्यात पितळेची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती, एका केसाचाही खंड नाही. फ्रेम निर्दोष होती, आणि तिचे दोन तुकडे झाले होते.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं. "चांगला निघाला की ओ!"

"व्हय, चांगला निघाला," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता काय उपयोग?" मी ओरडलो.

"आता कळलं," ते म्हणाले. "मगाशी ठावं नव्हतं."

मी चहा न घेता निघालो. मागून वहिनींनी दोनदा हाक मारली, मी वळलो नाही. पुढचे दोन दिवस मी कारखान्यात त्यांच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. प्रयोगशाळेतल्या रसाच्या बाटल्यांना सांगत होतो, की म्हातारा विक्षिप्त आहे, त्याला स्वतःच्या हातावर विश्वास नाही. हे लिहिताना आज मला लाज वाटते, पण तेव्हा तसंच म्हणत होतो. जुनीच सायकल पुसून ठेवली होती.

शुक्रवारी दुपारी त्यांनी निरोप पाठवला. गेलो तर शेडमध्ये एक फ्रेम टांगलेली. माझ्या मापाची. रंग नाही. नुसतं राखाडी पोलाद, आणि प्रत्येक सांध्याच्या कडेनं पितळेची बारीक पिवळी रेघ. नळ्या कुठून आल्या? पुण्याहून यायला सहा महिने लागतात. मग दाराशी बघितलं. त्यांची सायकल उभी असायची ती जागा रिकामी होती. ते माझ्यापेक्षा उंच, त्यांच्या नळ्या माझ्यापेक्षा लांब. कापून माझ्या मापाला आणता येण्यासारख्या.

"दादा, ही..."

"ह्यो नमुना. बघ," ते म्हणाले. वर्तमानपत्रावर दोन अर्धुकं ठेवली होती. मी ती हातात घेऊन नीट, डोळ्यांजवळ नेऊन बघितली. या वेळी उगाच मान डोलावली नाही. रेघ अखंड होती.

"रंगाला येळ न्हाई. तेल पुसलंय, गंजायची न्हाई. उघडीच ने."

रविवारी कराडला सुरुवातीच्या रेषेवर पोरांनी माझी सालपटं काढली. एकानं विचारलं, "सायकल आंघोळीला निघालीया का रं?" दुसऱ्यानं सव्वीस दात मोजले. तेवढ्यात पुण्याकडचे एक वयस्कर पंच जवळ आले. ते गुडघ्यावर बसले आणि एकेक सांधा बघत सायकलीभोवती फिरले. रंग नव्हता म्हणून सगळं काम उघडं होतं, लपवायला जागाच नव्हती.

"कुठून मागवली?" त्यांनी विचारलं.

मी दादांचं नाव सांगितलं, आडनावासकट. गावही सांगितलं, वस्तीही सांगितली. अशा वेळी माझा आवाज एरवी बसतो, त्या दिवशी तो आजूबाजूच्या पोरांनाही ऐकू गेला.

कराड ते सातारा, मग यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून साताऱ्यात यायचं. घाटमाथ्यावर मी सहावा होतो. एकवीस दातवाले दोघे चढावरच मागे पडले होते, हे जाता जाता नमूद करतो. उतारावर बाकीचे ब्रेकवर बोटं ठेवून जात होते. मी खाली वाकलो आणि सायकल सोडली. दोन वर्षं मी उतारावर भीत आलो होतो आणि ती भीती मला जुन्या सायकलीच्या सांध्यांची होती, हे मला तेव्हा कळलं. या सायकलीत आत काय आहे ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. तिघांना मागे टाकलं.

सगळ्यात वाईट वळण खालून तिसरं. डावीकडे कडा, उजवीकडे खोल दरी, रस्त्यावर खडी सांडलेली. तिथे प्रेक्षक कुणी थांबत नाही. त्या वळणावर एक माणूस एकटाच उभा होता. पांढरा सदरा, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली कारखान्याची प्रथमोपचार पेटी. मी वळण घेतलं तेव्हा दादांचा चेहरा मला निमिषभर दिसला. इतका भ्यालेला माणूस मी आयुष्यात दुसरा बघितला नाही.

मी तिसरा आलो. हार पडले, फोटो झाले. तासाभरानं दादा घाटातून चालत खाली आले.

"आलास व्हय," ते म्हणाले. कितवा आलो ते त्यांनी विचारलंच नाही, मीच सांगितलं.

"दादा, तुमीच नमुना बघितलाता. मग तिथं कशाला थांबलासा?"

"नमुना नळीचा घेतलाय," ते म्हणाले. "रस्त्याचा कुठं घेतलाय?"

नंतर मलकापूरचा एक आणि शिराळ्याचा एक गडी भेटले, त्यांच्याही फ्रेमी दादांच्याच. दोघांनी हेच सांगितलं. वेगळा घाट, वेगळी शर्यत, पण सगळ्यात वाईट वळणावर पेटी घेऊन दादा. शर्यत संपते तिथे हारतुऱ्यांत त्यांना कुणी कधी बघितलं नव्हतं. स्वतःसाठी त्यांनी पुन्हा फ्रेम केली नाही. दर वेळी कुणाची तरी आधी असायची. कारखान्यात ते शेवटपर्यंत चालत आले. त्यांची एकही फ्रेम कधी मोडली नाही. हे मी छाती पुढे काढून सांगतो आणि ज्याला पटत नसेल त्यानं येऊन माझी बघावी. मी तिला अजून रंग दिलेला नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गेले. छातीत दुखल्याचं निमित्त झालं. जलदान विधीला त्यांच्या फ्रेमी चालवणारे आम्ही सगळे होतो, मागे भिंतीला टेकून बसलो. बुद्धवंदना आम्हांला येत नव्हती, आम्ही हात जोडून नुसते ऐकत होतो. वहिनींनी जाताना प्रत्येकाला विचारलं, "सायकल चालवतासा न्हवं?"

त्या साली निवडीची शर्यत पुन्हा यवतेश्वरला होती. मी कुणाला काही बोललो नव्हतो. सकाळी साताऱ्यात एसटीतून उतरलो आणि घाट चालत चढायला लागलो, खालून तिसऱ्या वळणापर्यंत. तिथे मलकापूरचा गडी कठड्यावर आधीच बसला होता. थोड्या वेळानं शिराळ्याचा आला. मग आणखी चौघं आले. पोटं सुटलेली, केस पांढरे व्हायला लागलेले. एकमेकांना बघून आम्ही हसलोही नाही. ज्याच्या त्याच्या हातात काही ना काही होतं, पाण्याची बाटली, कापसाची गुंडाळी. एकानं घरचा झाडू आणला होता. तो वळणावरची खडी झाडायला लागला.

मग पहिली सायकल वरच्या वळणावर दिसली. खाली येणाऱ्या त्या पोरांपैकी एकाच्याही बुडाखाली दादांची सायकल नव्हती. सगळ्या नव्या, बाहेरून मागवलेल्या. तरी शेवटचं पोर वळण पार करून दिसेनासं होईपर्यंत आम्ही सातजण त्या वळणावरून हललो नाही.